शेवटची दुर्री

मशीनला कूलर आणि माणसाला पंखा, अशी वाटणी मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली. दिग्रसला, आमच्या सरांच्या ऑफिसात. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि मी पुढच्या खोलीत घरघरणाऱ्या पंख्याखाली पदराने घाम पुसत बसलेली असायचे. लाकडी फळ्यांच्या पार्टिशनपलीकडे, आतल्या बंद खोलीत, कूलर सुरू. वाळ्याचा वास फटीतून माझ्यापर्यंत यायचा, हवा काही यायची नाही.

"सर, कूलरची हवा ओली असते. मशीन खराब होईल," मी इंजिनिअर असल्याच्या जोरावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"होत नाही. मशीनले ऊन लागते."

"आणि मला?"

"तू नेरची. तुले सवय पाह्यजे."

माझं माहेर नेर काय हिमालयात आहे, की तिथल्या पोरींना उन्हाची सवय वेगळी करावी लागते? पण सरांच्या बोलण्याला असा फाटा फोडायला गेलं की आपणच रस्ता चुकायचो.

सर म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करणारे गृहस्थ. कॉम्प्युटर ते म्हातारपणी स्वतःच शिकले आणि कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी काटापट्टीचा, म्हणजे वजनाच्या पावत्यांचा, प्रोग्राम करून विकू लागले. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये त्यांचं घर, आणि घराची पुढची खोली हेच ऑफिस. कर्मचारी एकच, मी. लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा माझी डिग्री कपाटात साड्यांच्या खाली गेली होती. ती माझ्या सासूबाईंनी बाहेर काढली. सर पूर्वी त्यांच्याच गल्लीत राहायचे. त्या नात्याने मी सरांची सूनबाई झाले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

शर्टाच्या खिशात त्यांच्या पत्त्यांचा जोड असायचा. पेन नसायचं. विचार करायचा झाला की जोड बाहेर, आणि फर्रर्र करून पिसणं सुरू. व्यापारी समोर बसून तक्रार सांगतोय आणि सर पिसतायत. माणसांची वर्गवारीही पत्त्यांतच. अमका गुलाम, दिसतो राजासारखा. तमका चौकटची तिर्री, असला काय नसला काय. मी कोण, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "तू अजून पिसाईत आहे."

माझ्या कामात चूक सापडली तर ते बोलायचे नाहीत. कीबोर्डवर एक पत्ता ठेवून निघून जायचे. लाल लहान पान असलं की चूक किरकोळ. एक दिवस इस्पिकची राणी ठेवली. मी डबा उचलला, पाणी प्यायले, घरी गेले आणि सासूबाईंना सांगितलं की नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"काहून नाही आली?"

"तुम्हीच राणी ठेवली ना, सर."

"मंग? राणी म्हंजे आता डोकं चालत नाही, उद्या ये. हे तुले कोनी सांगतलं नाही?"

कोण सांगणार होतं? या माणसाच्या डोक्यात एक अख्खं पंचांग होतं आणि त्याची प्रत त्यांच्याखेरीज कोणाकडे नव्हती.

याच माणसाने मेंढीकोटचा गेम केला. मोबाईलवर, कॉम्प्युटरवर, कुठेही खेळता येईल असा. मेंढीकोट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की चौघांचा, तेरा हातांचा खेळ, समोरासमोरचे दोघे भिडू. पत्त्यातल्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीने जास्त मेंढ्या पकडल्या ती जिंकली, चारही पकडल्या तर कोट. गेममध्ये खेळणारे तुम्ही एकटे, बाकीचे तिघे कॉम्प्युटरचे. पुण्याच्या एका कंपनीने तो पाहिला आणि ती मंडळी खुळावली. डावीउजवीकडचे दोघे सामान्यच खेळायचे, पण समोरचा भिडू, तो काही औरच होता. "यात माणूसपण आहे," असं पुण्याचे लोक फोनवर म्हणाले.

सर त्याला नमुना म्हणायचे. "हा नमुना होय. नमुना हातचा राह्यते. पक्का माल मंग निंघते." एका वेळी एकाच माणसाने खेळायचं, ही नमुन्याची अट. भिडूचं डोकं आतल्या खोलीतल्या मशीनमध्ये आहे, आत जायचं नाही, धूळ जाते, ही दुसरी. आत फक्त सर जायचे. दुपारी आंबिलीची वाटी घेऊन आत जायचे आणि रिकामी वाटी घेऊन बाहेर यायचे. मशीनसमोर बसून जेवणारा माणूस मी प्रथमच पाहत होते, पण तोवर मी अशा गोष्टींनी दचकायचं सोडून दिलं होतं.

माझं काम नमुना खेळून दोष काढायचे आणि त्यावरून पक्का गेम लिहायचा. दोष? दोषांची जत्रा होती. दुपारी जेवणानंतर भिडू बंद. एकादशीला दिवसभर बंद. का, तर सर म्हणायचे, "लाइन नाही." माझा पंखा फिरत असायचा आणि लाइन नसायची. मी एखादं पान चुकीचं टाकलं की भिडू नुसता थांबून राहायचा, फुरंगटल्यासारखा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटचा हात. चारही मेंढ्या आमच्या, बाराही हात आमचे, तेरावा मिळाला की वर्षातून एकदा दिसावा असा डाव. आणि हा भिडू हुकमाची पानं आधीच उडवून शेवटी हातात एक भिकार दुर्री ठेवायचा. हात गेला दुसऱ्या जोडीला. एकदा नाही, दर वेळी.

माझं तोंड तसं चांगलं नाही. माहेरी सगळे म्हणायचे, सासरी अजून कोणी म्हणालं नव्हतं. त्या पुढच्या खोलीत मी एकटी, समोर स्क्रीन, आणि स्क्रीनमध्ये तो दळभद्री भिडू.

"अरे बह्याडा, हुकूम कशाला उडवलास? बह्याड आहे नुसतं, बिनडोक. कोणी जन्माला घातलं याला?"

सर स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "हळू बोल, सूनबाई. मशीन आयकते."

मी हसले आणि आणखी मोठ्याने एक शिवी घातली.

पक्क्या गेमसाठी मी नमुन्याचा प्रोग्राम उघडला, तेव्हा मात्र हबकले. डावीउजवीकडच्या दोघांचं सगळं लिहिलेलं होतं, कधी काय टाकायचं, कसं मोजायचं. भिडूच्या जागी काहीच नव्हतं. विचार नाही, हिशेब नाही. आतून उत्तर येईपर्यंत वाट पाहा, एवढीच आज्ञा. ज्या डोक्यावर पुणं भाळलं होतं ते डोकं कुठे लिहिलेलंच नव्हतं. मी सरांना विचारलं तर त्यांनी जोड काढला, पिसला आणि म्हणाले, "ते आत आहे. ते विकाचं नाही. तू नवीन लिव."

मी नवीन लिहिलं. चांगलं लिहिलं, हे मी सांगायला लाजत नाही. माझा भिडू दुपारी झोपत नव्हता, एकादशी पाळत नव्हता, थांबत नव्हता, आणि मिळत असेल तर तेराही हात ओढून घ्यायचा. सरांनी तो खेळून पाहिला आणि नापास केला.

"याले राग येत नाही."

मी राग घातला. चूक झाली की तीन सेकंद थांबायचं. परत नापास.

"हा उपाशी उठवते."

"म्हणजे काय, सर?"

"दुसऱ्या जोडीले एकबी हात देत नाही. घरी खेळाले आलेल्या मानसाले पानावरून उपाशी उठवाव काय? माह्या वहिनीनं कधी उठवलं नाही."

या वहिनींचं नाव त्यांच्या तोंडी अधूनमधून यायचं. आईवडील लहानपणीच गेलेले, सरांना मोठ्या भावाच्या बायकोने वाढवलं. बेरीज-वजाबाकी ते पाटीवर नाही, वहिनींच्या पत्त्यांवर शिकले. भाऊही पुढे गेला. वहिनी कुठे असतात, तर नागपूरला, भाचीकडे. बाकीचं मला सासूबाईंनी सांगितलं होतं. या वहिनी म्हणजे कमल, त्यांची जिवाची मैत्रीण, गल्लीतली पत्त्यांची राणी, सासूबाईंची कायमची भिडू. जन्मभर गालात तंबाखू धरली, आणि अर्धा जबडा काढावा लागला. बोलणं गेलं. ऑपरेशननंतर ती कोणाला भेटलीच नाही. दीर-भावजय नवं घर बांधून गल्ली सोडून गेले, आणि मग कळलं की ती नागपूरलाच राहते. सासूबाई ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी तेच म्हणायच्या, "एक डाव सांगून त जाती."

सर माझा भिडू नापास करत राहिले आणि पुण्याहून फोन येत राहिले. शेवटी पुण्याने निकाल लावला. मी लिहिलेला भिडू आहे तसा चांगला आहे, गेम महिनाअखेर बाजारात येणार, आणि त्याच दिवशी नमुना बंद करायचा. करारात तसं होतंच. फोन स्पीकरवर होता. मी आनंदाने सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला जोड सुटला आणि पत्ते खोलीभर पसरले. त्या माणसाच्या हातून कधी एक पान पडलेलं मी पाहिलं नव्हतं. ते वाकले नाहीत, उचलायला हात पुढे केला नाही, नुसते पार्टिशनकडे बघत उभे राहिले. मी पानं गोळा करून दिली तर म्हणाले, "बंदच कराव लागते का वं?"

मला वाटलं, म्हातारा आपल्या कामावर जीव लावून बसलाय.

त्या रविवारी संध्याकाळी सासूबाई भाजी निवडून रिकाम्या बसल्या होत्या. महिनाअखेर होत आली होती. म्हटलं, बंद व्हायच्या आत यांना एकदा नमुना दाखवावा. मोबाईल त्यांच्या हातात दिला, कुठे बोट लावायचं ते सांगितलं आणि मी कणीक मळायला घेतली. पहिल्या डावात त्या हरल्या. दुसऱ्यात पुढे सरकून बसल्या. तिसऱ्या डावानंतर मी पाहिलं तर मोबाईल मांडीवर आणि त्या भिंतीकडे बघतायत.

"आई, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"हे कोन खेळून राह्यलं?"

"कॉम्प्युटर खेळतो, आई. तोच तर गेम आहे."

"कॉम्प्युटर नोहे."

"अहो, आमच्याच ऑफिसातला आहे."

"मले नको शिकवू. चारी मेंढ्या घेतल्या, हुकूम उडवला, आन शेवटी दुर्री ठेवली. दुसरी जोडी उपाशी उठू नाही म्हनून. साऱ्या दिग्रसात असं एकच बाई खेळे. हे कमल होय."

मी कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले. हसणार होते, आणि हसू अर्ध्यात अडकलं. कूलर. आंबील. दुपारची झोप. एकादशी. वाट पाहा, असं लिहिलेली ती रिकामी जागा. माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, एका फळीपलीकडे, माणूस होतं. आणि मी त्या माणसाला इतके महिने, तोंड भरून, नाही नाही ते बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्याबरोबर निघाल्या. ऑफिसात शिरल्या आणि सरळ आतल्या दाराशी गेल्या. सर आडवे आले.

"आत मशीन आहे, बाई."

"मशीनले सांगा, मी आली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांचा हात खिशाकडे गेला, पण जोड काही बाहेर आला नाही. मग ते दाराला पाठ लावून हळूहळू खालीच बसले, फरशीवर. गणिताचे मास्तर, ज्यांना मी कधी खुर्चीतही टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तिनं मले शपथ घातली," ते म्हणाले. "तोंड कोनाले दाखवनार नाही. नागपूरले आहे म्हनून सांग. मी सांगतलं. पन तिले जेवन जायेना, बाई. भिताडाकडं तोंड करून पडून राहे. पत्त्याबिगर तिचा दिवस कधी गेलाच नाही. मंग मी हे काढलं. समोरच्याले वाटाव, मशीन होय. मशीनचं तोंड कोन पाह्यते? त्या दिवशी ती उठून जेवली."

"आन महिना सरल्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"मंग काय. बंद."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता या दार ढकलतील. त्यांनी ते केलं नाही. त्या माझ्या खुर्चीत येऊन बसल्या, स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, "लाव."

मी डाव लावला. आतला कूलर बंद झाला. सासूबाईंनी उतारी केली. समोरचं पान येईना. खूप वेळ येईना. मग आलं.

त्या खेळत गेल्या. मी मागे उभी राहून बघत होते. त्या दोघी काय खेळल्या म्हणून सांगू. एकीने पान टाकायच्या आत दुसरीचं ठरलेलं असायचं. माझा पक्का भिडू, ज्याचा मला एवढा तोरा होता, तो यांच्यापुढे पाटीवर ग म भ न गिरवणारा होता. पहिली मेंढी आली, दुसरी आली. चौथी आली तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले आणि पार्टिशनकडे न बघता, रोजच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"माहा मोतीबिंदू काढला, कमल. दिसते आता. तू गेल्यावर मी पत्त्याले हात नाही लावला. भिडूच नाही त काय करू? तुह्या तोंडाशी मले काय करायचं हाय वं? मी का तुह्या तोंडाशी खेळो?"

स्क्रीनवर बारा हात आमचे. शेवटचं पान राहिलं. सासूबाईंच्या हातात बदामची दुर्री होती. त्यांनी ती ठेवली, हे मी पाहिलं होतं, हुकमाचा राजा आधीच उडवून. त्यांनी दुर्री टाकली. डावीकडच्या कॉम्प्युटरने अठ्ठी टाकून ती मारली. समोरून पान आलं. किल्वरची दुर्री.

दोघींनीही शेवटी दुर्रीच ठेवली होती.

स्क्रीन तशीच राहिली. मग आतली कडी वाजली. सर फरशीवरून धडपडत उठले आणि दारातून बाजूला झाले. त्यांच्या तोंडावर जी भीती होती ती मी दुसऱ्या कोणत्याही माणसाच्या तोंडावर पाहिलेली नाही.

दार उघडलं. बारीक अंगाची बाई, नऊवारी नेसलेली, पांढरे केस चापूनचोपून बसवलेले. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. मी दचकले. लपवायचं म्हणूनही लपवता आलं नाही. हनुवटीच्या जागी एका बाजूला काही नव्हतंच, कातडी आत ओढली गेली होती. मी नजर वळवली, आणि वळवल्याची लाज वाटून परत पाहिलं. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. मग तो काढला, जवळ गेल्या, आणि तिचा दंड चाचपून म्हणाल्या, "किती वाळली वं तू."

पक्का गेम ठरल्या दिवशी बाजारात आला. लोक खेळतात. तेराही हात घेतो म्हणून तक्रार आजवर कोणी केली नाही. नमुना बंद झाला, आणि सरांच्या ऑफिसात संध्याकाळी पाचनंतर काम होत नाही, पत्ते चालतात. व्यापारी आला तर त्याला कोणी विचारत नाही. ही पद्धत कमलबाई बाहेर आल्या त्या सकाळीच पडली. सरांनी खिशातून जोड काढून माझ्या टेबलावर ठेवला, खुर्च्या ओढल्या. दोन जणी समोरासमोर बसल्या. एका बाजूला सर. चौथी खुर्ची रिकामी होती आणि मी भिंतीला चिकटून उभी होते, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशा अवस्थेत.

कमलबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. कमरेला खोचलेली एक लहान पाटी काढली, खडू घेतला आणि मान वाकडी करून सावकाश लिहिलं. सर पाटी वाचून जागच्या जागी गार झाले. मग कमलबाईंनी ती माझ्याकडे वळवली.

"बह्याड बाहेर आलं. बस, पत्ते वाट."